म्हैसासुराचे डोळे

या, असे पुढे या. मागे भिंतीला टेकून बसलं की डुलकी लागते, हे मी चाळीस वर्षं टाळ धरून पाहत आलो आहे. बुवा अगदी रंगात यावेत आणि भिंतीकडची रांग घोरत असावी! तेव्हा जवळ या. मुलांना मांडीवर घ्या. एका मुखवट्याची आणि त्याच्या आतल्या डोळ्यांची गोष्ट सांगतो. सुरुवातीला हसाल. पुढचं पुढे.

सत्त्याण्णव साल. मी तेव्हा शहापुरात एका लहानशा छापखान्यात शिशाचे अक्षरखिळे जुळवायचो. लग्नपत्रिका, सप्ताहाची हस्तपत्रकं, आणि दर शुक्रवारी निघणारं चार पानी साप्ताहिक. मालक, संपादक, बातमीदार सगळं एकच माणूस, हेमंत दळवी. आणि त्याच्या पहिल्या पानावर खाली डाव्या बाजूला एक व्यंगचित्र असे. लोक पेपर घ्यायचे ते त्या चित्रासाठी. हेमंतलाही ते ठाऊक होतं, पण तो कबूल करत नसे.

चित्राखाली नाव नसायचं. कोपऱ्यात नुसता एक ठिपका.

तो ठिपका म्हणजे आमच्या आळीतली सरोज वेखंडे. तिचा बाप ज्ञानेश्वर शाळेत शिपाई. मुलगी मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात गेली, एम. ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचली. वर्ग संपले होते, फक्त प्रबंध लिहायचा राहिला होता. म्हणून ती घरी आलेली. दिवसा छापखान्यात माझ्या समोरच्या बाकावर बसायची. एका अंगाला प्रबंधाची वही, दुसऱ्या अंगाला चित्राचा कागद. मी म्हणायचो, "पोरी, एक काय ते कर. दोन दगडांवर पाय ठेवून वैतरणा ओलांडता येत नाही."

ती मान वर न करता म्हणायची, "महादूकाका, तुम्ही नाही का तोंडानं अभंग म्हणता नि हातानं खिळे उचलता? मग?"



तिचा प्रबंध बोहाड्याच्या मुखवट्यांवर होता. तुमच्यातल्या मुंबईकरांसाठी सांगतो. उंबरमाळीच्या पुढे डोंगरात ज्या वाड्या आहेत, तिथं चैत्रात बोहाडा होतो. संबळ-पिपाणीच्या तालावर देवादिकांची सोंगं नाचतात, आणि शेवटल्या दिवशी सूर्य उगवता उगवता जगदंबा म्हैसासुराला मारते. सोंग म्हणजे लाकूड-कागदाचा मुखवटा. एकेक सोंग एकेका घराचं. आज्यापणज्यापासून त्या घरानंच ते सांभाळायचं, त्या घरच्या पुरुषानंच ते घालायचं. वर्षभर ते भिंतीकडे तोंड करून टांगलेलं असतं. दिवस आल्याखेरीज त्याला कुणी तोंडावर चढवायचं नाही. कारण मुखवट्याला डोळ्यांच्या जागी भोकं असतात. डोळे घालणाऱ्याचे. डोळे आले की तो देव, किंवा दैत्य. नुसता मुखवटा म्हणजे नुसतं लाकूड.

चिंचवाडीचा म्हैसासूर सावळ्याच्या घरचा होता.

सावळ्या साठीच्या आसपासचा. जमीन नाही, जंगलात लाकूडफाटा आणि पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतावर लावणी. तरुणपणी करवंदीचा काटा घुसून त्याची डावी पापणी कायमची अर्धी मिटलेली. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस सदा काहीतरी नेम धरतोय. सरोज त्याच्याकडे चार वेळा गेली. तो सांगायचा, ती लिहून घ्यायची. त्याची बायको बाईजा हिला आधी ही शहरी पोरगी आवडली नव्हती. "रिकामी येती, रिकामी जाती, कायतरी लिव्हती," म्हणायची. पण चौथ्या खेपेला तिनंच नाचणीची भाकरी पुढे केली.

सगळं मिळालं, चित्र मात्र अडलं. भिंतीकडे तोंड केलेल्या मुखवट्याचं काय काढणार? सावळ्यानं तो फिरवून दाखवला, पण ती भोकं पाहून सरोजचा हात चालेना. म्हणाली, "सावळ्याबाबा, यात जीव नाही दिसत."

"जीव चैत्रात येतो, पोरी."

"चैत्राच्या त्याच आठवड्यात मला प्रबंध द्यायचाय. तोपर्यंत चित्र झालं पाहिजे. नाहीतर माझं वर्ष जाईल."

सावळ्यानं बाईजेकडे पाहिलं. बाईजा म्हणाली, "नाय. माज्याकडं बघू नको. मी नाय बोलनार."

मग त्यानं दार लोटून घेतलं. मागच्या परसात, भर दुपारी, वाडी कामावर गेलेली असताना, त्यानं तो मुखवटा तोंडावर चढवला. अर्धा तास उभा राहिला. पायाखाली काटक्या मोडतील म्हणून हललासुद्धा नाही. सरोजनं चित्र काढलं. शिंगं, सुळे, लाल जीभ, आणि भोकांतून बघणारे दोन डोळे. डावा अर्धा मिटलेला.

मुखवटा उतरवून तो एवढंच म्हणाला, "तुजं पुस्तक अडू नये म्हनून केलं. कुनाला बोलू नको."

हे सगळं मला तिनं नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर पुढची चूक कदाचित झाली नसती. कदाचित झालीही असती, कारण त्या चुकीत माझाही हात आहे.

त्याच वर्षी फाल्गुनात आमच्या भागातले पुढारी, सगळे त्यांना तात्यासाहेब म्हणत, त्यांनी चिंचवाडीला नळाचं उद्घाटन केलं. मांडव, हार, फीत, भाषण. नळ होता, पाणी नव्हतं. भातसा धरणाचं पाणी वाडीच्या उशापायथ्याकडून मुंबईला जातं, ते जातंच आहे. वाडीच्या नळाला आठवड्याभरात कोळ्यानं जाळं धरलं. हेमंत म्हणाला, "सरोज, या शुक्रवारी हेच काढ."

गुरुवारी कल्याणला ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, करायला चित्र पाठवावं लागे. दीडची एसटी. एक वाजून गेला तरी सरोज प्रबंधाचं प्रकरण पुरं करत बसलेली, कारण तेही त्याच गाडीनं मुंबईला तिच्या मार्गदर्शक मॅडमकडे जायचं होतं. मी ओरडलो, "अगं, काहीतरी दे! कायपण दे! गाडी सुटेल!"

तिनं वहीतून म्हैसासुराचं चित्र उपसलं, त्यावर पारदर्शक कागद ठेवला आणि गिरवलं. वर पांढरी टोपी, गळ्यात हार, हातात कात्री. समोर फीत बांधलेला कोरडा नळ. पंधरा मिनिटांत झालं. मी पाहून खो खो हसलो. कागद गुंडाळला आणि धावत जाऊन कंडक्टरच्या हातात दिला.

डोळे बदलायचं तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या तर काय येणार!

शुक्रवारी शहापूर हसलं. मुरबाडात पेपर संपला म्हणून हेमंतनं शंभर प्रती पुन्हा काढायला लावल्या. तात्यासाहेब चिडतील, निदान चरफडतील, असं आम्हांला वाटलं होतं. ते चिडले नाहीत. पुढाऱ्याची जात कळायला आपण फार साधे असतो. त्यांनी ते चित्र कापून चौकटीत बसवलं आणि जीपमधून थेट चिंचवाडीला नेलं. पारावर उभे राहून म्हणाले, "बघा, पेपरवाल्यांनीसुद्धा मला तुमच्या सोंगात काढलंय! म्हणजे मी कुणाचा? तुमचाच ना?" बरोबरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

वाडीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. वाडी चित्र बघत होती.

तिथं वाचता येणारी माणसं चारदोन. पण चित्र सगळ्यांनाच वाचता येतं, आणि तुमच्या-माझ्यापेक्षा बरं. टोपी पुढाऱ्याची, हे पोरांनीही ओळखलं. मुखवटा सावळ्याच्या घरचा, हेही ओळखलं. पण गणू भगत, म्हणजे वाडीचा जाणता, ज्याच्या शब्दावर बोहाडा उभा राहतो, तो चौकटीजवळ नाक नेऊन उभा राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "ह्याला डोळं हायत."

त्यानं चौकटीवर बोट ठेवलं.

"रिकाम्या सोंगाला डोळं नसतात. हे कुनीतरी घातलं. दिस आला नव्हता, तरी घातलं." मग वळून, "सावळ्या, डावी पापनी कुनाची?"

झालं. वाडीनं हिशेब जुळवला तो असा, की सावळ्यानं पुढाऱ्यासाठी सोंग घातलं. नळ, जीप, चौकट, सगळं एका माळेत बसलं. सावळ्याला विचारलं, "घातलं का नाय?" तो म्हणाला, "घातलं." खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं. "कुनासाठी?" यावर तो गप्प. सरोजचं नाव घ्यावं तर पोरीच्या पुस्तकावर बालंट येईल, असं त्याच्या मनानं घेतलं. त्या गप्प बसण्यानं तो पुरता बुडाला. गणू भगतानं मुखवटा त्याच्या भिंतीवरून उतरवला आणि देवळात नेऊन ठेवला. या वर्षी म्हैसासूर सावळ्याच्या घरून निघणार नाही. पुढेही निघणार नाही.

बाईजा दुसऱ्या दिवशी चालत, मग एसटीनं, छापखान्यात आली. आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "सरू कुठं हाय?" घरात हाक मारतात ती हाक तिनं मारली, म्हणून सरोज हसत बाहेर गेली.

"माजा नवरा जेवत नाय, गो. सात पिढ्यांचं सोंग गेलं. तू काय काढलंस?"

सरोजनं चित्र हातात घेतलं. पाहिलं. आणि तिथंच पायरीवर बसली. मी टाइपाची पेटी खाली ठेवली. मलाही तेव्हाच दिसलं. इतके दिवस ज्या चित्रावर हसलो, त्यातून सावळ्या आमच्याकडे बघत होता.

आम्ही तिघं त्याच दिवशी चिंचवाडीला गेलो. सरोजनं पारावर सगळ्यांसमोर सांगितलं. "बाबांनी माझ्यासाठी घातलं. माझ्या पुस्तकासाठी. तात्यासाहेबांचा काही संबंध नाही. चूक माझी."

गणू भगत तंबाखू मळत ऐकत होता. म्हणाला, "तू म्हनतेस. पन कागद काय म्हनतो? कागदात सोंग पुढाऱ्याच्या डोक्यावर बसलंय. तू इथं बोलशील नि एसटीत बसशील. कागद ऱ्हाईल."

"मग मी काय करू?"

"आमचं सोंग आमाला परत दे. पुढाऱ्याला त्याचं तोंड दे. ज्याचं तोंड त्याला. कागदातच दे." पुढे म्हणाला, "सावळ्यानं रीत मोडली, त्याचा दंड तो भरील. सात दिस एक वेळ खाईल, अनवानी ऱ्हाईल. त्याचा प्रश्न नाय. पन सोंग इकलं का नाय इकलं, ते तुज्या कागदावर."

सावळ्या मागं बसला होता. पहिल्यांदा बोलला. "भगता, पोरीला घोळात घेऊ नको रे."

"घोळ तिनंच घातलाय," गणू म्हणाला.

सरोजनं छापखान्यात आल्यावर हेमंतला सांगितलं. तो म्हणाला, "काढ की. मी छापतो. पण मुखवटा नाही, शिंगं नाहीत, उघडा चेहरा म्हणजे... आजवर आपण म्हणत होतो, तो राक्षस आहे, साहेब कुठे? आता तसं म्हणता येणार नाही. आणि तुझे वडील कुणाच्या शाळेत आहेत, आठवतंय ना?"

शाळा तात्यासाहेबांच्या संस्थेची होती.

तिनं तीन दिवस काही काढलं नाही. प्रबंधही लिहिला नाही. वही मिटून ठेवलेली. चौथ्या दिवशी मुरबाडकडच्या एका गावी सप्ताहाची सांगता होती. मी टाळ घेऊन निघालो, म्हटलं चल. ती आली. काल्याचं कीर्तन, भर दुपारचं. मांडवात पहिल्या रांगेत तात्यासाहेब, उपरणं घालून. बुवांनी गोपाळांच्या शिदोऱ्यांचा प्रसंग धरला. प्रत्येकानं आपापली शिदोरी सोडली, कुणाची भाकर, कुणाची चटणी, सगळं एकत्र कालवलं. मग बुवा पहिल्या रांगेसमोर येऊन थांबले, चिपळ्या थांबवल्या आणि म्हणाले, "आमच्यात एक गडी असाही आहे. सगळ्यांच्या गाठी सोडायला तो पुढे. स्वतःची गाठ मात्र म्हणे, घट्ट बसली आहे हो, सुटतच नाही!" अख्खा मांडव हसला. तात्यासाहेबांनाही हसावं लागलं. शेवटी त्यांनीच बुवांच्या गळ्यात हार घातला.

परत येताना सरोजनं विचारलं, "काका, बुवांना भीती नाही वाटत?"

"वाटत असेल. माणूसच ते."

"मग?"

मला जे सुचलं ते मी बोललो. फार विचार करून बोललो असं नाही. "बुवा तोंड झाकून थोडेच उभे राहतात? ज्याला बोलायचं त्याच्या समोर, ज्याला बोलले त्याच्या हाताचा हार घेतात. मागे टाळकरी उभे असतात आमच्यासारखे, ते असतात म्हणा. पण तोंड त्यांचं एकट्याचंच."

शहापूरला उतरताना ती म्हणाली, "मी तो ठिपका काढून टाकते."

संध्याकाळी ती बापासमोर बसली. मी सोबतीला होतो. ज्ञानेश्वरनं सगळं ऐकलं. तोंडात पान होतं, ते बाहेर जाऊन टाकून आला, मग म्हणाला, "मी काय करतो शाळेत? घंटा वाजवतो. इथं नाय वाजवली तर दुसरीकडं वाजवीन. घंटेला काय कळतं, कोन वाजवतोय?" आणि वर, "नाव पुरतं लिव. वेखंडे लिव. लोकांना वाटाया नको, ही सरोज कोनाची."

शुक्रवारी चित्र आलं. तोच नळ, तेच कोळ्याचं जाळं, तीच फीत आणि कात्री. पण माणूस म्हणून तात्यासाहेब स्वतः. शिंग नाही, सुळा नाही. त्यांचं ते गोड हसू, गालावरचा तीळ, चष्म्यामागचे त्यांचे स्वतःचे डोळे. ती नजर नळाकडे बघत नव्हती. फोटो घेणाऱ्याकडे बघत होती. मी आजवर जेवढे ब्लॉक लावले, त्यांत इतकं साधं चित्र लावलं नव्हतं, आणि त्यावर कुणी मोठ्यानं हसलंही नाही. खाली कोपऱ्यात ठिपका नव्हता. 'सरोज ज्ञानेश्वर वेखंडे, शहापूर.' ती अक्षरं मी जुळवली.  त्याखाली दोन ओळी होत्या: मागच्या चित्रातला मुखवटा चिंचवाडीच्या देवाचा आहे, तो त्या चित्रात येणं ही माझी चूक.

हे चित्र कुणी चौकटीत लावलं नाही.

जूनमध्ये ज्ञानेश्वरची बदली झाली, मुरबाड तालुक्यात माळशेजच्या पायथ्याशी. तो गेला. वर्षभर रोज पहाटे दोन एसट्या बदलून घंटा वाजवायला जात राहिला.

पण त्याआधी चैत्र आला. सरोजच्या प्रबंधाची तारीख आणि बोहाड्याची शेवटची सकाळ एकच निघाली. मॅडमनी फोनवर बजावलं होतं, सकाळी दहापर्यंत नाहीतर सहा महिने पुढे. वही बांधून तयार होती. पहाटेची गाडी पकडली असती तर पोचली असती.

ती चिंचवाडीला गेली. का, ते आता सांगतो.

तिथं रीत अशी, की म्हैसासूर पडला की तो तसाच पडून राहतो. भगत मुखवटा उतरवतो आणि वाडीच्या बायका हंडे आणून त्याच्या चेहऱ्यावर पाणी ओततात. तोंड धुतलं गेलं की मग तो पुन्हा माणूस. तोवर त्याला कुणी नावानं हाक मारायची नाही. त्या वर्षी वाडीची विहीर आटलेली. पाणी आणायचं तर दीड कोस खाली ओढ्यातल्या डोहापर्यंत उतरायचं आणि चढून यायचं. गणू भगतानं नवं चित्र पाहिलं होतं. नाक जवळ नेऊन. म्हणाला होता, "हां. हे त्याचंच तोंड." आणि स्वतःच्या हातानं मुखवटा सावळ्याच्या भिंतीवर परत टांगला होता. पण बाईजेला एक अट घातली: "धुवायचं पानी त्या पोरीनं आनायचं. तिनं त्याचं तोंड लोकांना दिलं. तिनंच परत आनावं."

उजाडताना मी वाडीच्या वाटेवर उभा होतो. खालून बाईजा आणि सरोज येत होत्या. बाईजेच्या डोक्यावर हंडा सरळ. सरोजचा हेलकावत होता, अर्धं पाणी खांद्यावर सांडलेलं. बाईजा पुढून ओरडत होती, "मान हलवू नको गो! चित्र काढताना हालतीस का?"

संबळ घुमत होता. सावळ्या त्या मुखवट्यात नाचला. सात दिवस एक वेळ खाऊन, अनवाणी, साठीचा माणूस. जगदंबेची तलवार लागली आणि तो धुळीत पडला. संबळ थांबला.  गणू भगतानं मुखवटा उतरवला. सरोज पुढे झाली, गुडघ्यांवर बसली, आणि तिनं हंडा वाकवला. पाणी त्याच्या कपाळावरून, मिटलेल्या डाव्या पापणीवरून, पांढऱ्या दाढीतून खाली धुळीत गेलं. त्यानं डोळे उघडले. तिला पाहिलं.

"पुस्तक दिलंस का?"

"नाही बाबा. राहिलं."

"खुळी कुठली," तो म्हणाला. मग बाईजेनं त्याला नावानं हाक मारली.

प्रबंध ऑक्टोबरात गेला. त्यात म्हैसासुराचं चित्र आहे, शिंगांसकट, सुळ्यांसकट. डोळ्यांच्या जागा मात्र कोऱ्या ठेवल्यात. परीक्षकांनी विचारलं, हे अपुरं का? सरोज म्हणाली, "ते माझे नाहीत." त्यांना ते पटलं नसावं. दुसरा वर्ग मिळाला. ती आजही चित्रं काढते, पुरतं नाव घालून.

सावळ्या दोन हजार तीनच्या पावसाळ्यात गेला. मुलगा नव्हता. मुखवटा बाईजेच्या घरात भिंतीकडे तोंड करून आहे. मुंबईहून एक गाडी येऊन गेली, संग्रहालयात ठेवू म्हणून. बाईजेनं त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. गणू भगतही आता नाही, म्हणून म्हैसासुराशिवाय कसा बोहाडा करायचा, हे वाडीला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मंडळी, तुमच्याकडे एकच मागणं आहे. सकाळी उठून नळ सोडाल, ओंजळीत पाणी घ्याल, तोंडावर माराल. ते पाणी आमच्याच डोंगरातून आलेलं असतं. तेवढ्या एका ओंजळीपुरती सावळ्याची आठवण काढा.